बाबांच्या बोटीची जमीन

...आणि खाज. तुम्हाला सांगतो, त्या खाजेबद्दल आधी कुणी बोलत नाही. फायबरग्लास कापलं की त्याची धूळ बाहीत शिरते, कॉलरमध्ये शिरते, जिथे शिरायला वाट नाही तिथेही शिरते, आणि मग आंघोळ करा, तेल चोळा, भिंतीला पाठ घासा... बायको म्हणाली, "गादीवर यायचं नाही. सोफ्यावरही नाही." मग झोपू कुठे? "बोटीत." आता बोटीत कसा झोपणार, बोटीला जमीनच नव्हती.

मीच काढली होती ना. म्हणजे काढायची नव्हती. बोट बाबांची, फायबरग्लासची, कित्येक वर्षं अंगणात ताडपत्रीखाली पडलेली. बाबांच्या फुप्फुसांनी हात टेकले, तेव्हा डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, आता त्यांना हवं ते करू द्या. मी विचारलं, बाबा, काय हवंय? वाटलं, काहीतरी गोडधोड मागतील, साखर बंद होती. तर म्हणाले, "बोट पाण्यात घालू. एकदाच. त्यात काय एवढं?"

हे त्यांचं जन्माचं पालुपद. छप्पर गळतंय, त्यात काय एवढं. आई गेली तेव्हासुद्धा, सगळे रडतायत आणि हा माणूस कपबशी विसळत म्हणतोय, त्यात काय एवढं, सगळेच जातात... आणि तीच एक कपबशी, बराच वेळ, विसळतच होता.

बरं. ताडपत्री काढली, आत पाय टाकला, आणि पाय गेला की हो गुडघ्यापर्यंत खाली. प्लायवूड कसलं, चहात विसरलेलं बिस्कीट. बाबा खाली खुर्चीत, नाकाला नळी, आणि म्हणतात, "तेवढाच तुकडा बदल. त्यात काय एवढं?" तेवढाच कापला, तर शेजारचा काळा. तो कापला, तर त्याच्या शेजारचा. सगळी जमीन उचकटली, तर खालची आधाराची लाकडं हाताने कुस्करली गेली. त्यांच्यामध्ये बोट तरंगावी म्हणून भरलेला फोम, तो पिळला तर पाणी. मेहुणा बघायला आला, कमरेवर हात ठेवून म्हणाला, "यापेक्षा नवी परवडली." अरे, हळू बोल ना, मालक खाली बसलाय.

नवी जमीन चिकटवायचं रेझिन विकणारा दुकानदार म्हणाला होता, "घट्ट व्हायला हार्डनर थोडाच घाला." थोडाच म्हणजे किती? मला घाई, मी घातला जास्त, लवकर वाळेल म्हणून. डबा हातातच तापला, धूर सोडायला लागला, आणि ब्रश आत उभाच्या उभा, पुतळ्यासारखा. बाबा हसले. हसता हसता खोकले, खोकता खोकता निळे पडले, मी बोटीतून उडी टाकून त्यांना धरलं... परत आला श्वास. "त्यात काय एवढं," म्हणाले, पण आवाज नव्हता, नुसते ओठ.

मग मी झपाटलो. लाकडं बसवली, प्लाय बसवलं, वर फायबरग्लासचं कापड, रेझिन, परत कापड. जमीन पुढे पुढे सरकत होती आणि बाबा मागे मागे, खुर्चीतून खिडकीत, खिडकीतून पलंगावर.

झाली एकदाची. पण पाण्याचं नाव काढायची सोय उरली नव्हती. मी आणि मेहुण्याने त्यांना उचलून बोटीत बसवलं, अंगणातच, ट्रेलरवर. काय सांगू, तो भिजका फोम जड होता त्यांच्यापेक्षा. त्यांनी स्टिअरिंगवर हात ठेवला, समोर बघितलं. समोर शेजाऱ्यांची भिंत. बघत राहिले, बघत राहिले. मला वाटलं, आता बोलतील काहीतरी, बापाने मुलाला बोलावं असं. त्यांनी टाच आपटली. परत आपटली. म्हणाले, "इथे मऊ लागतंय."

त्याच आठवड्यात गेले. लोक येतायत, माझा हात हातात घेतायत, म्हणतायत, शेवटची इच्छा पुरवलीस हो, असा मुलगा मिळायला भाग्य लागतं. मी मान डोलावतोय, आणि डोकं सगळं अंगणात.

सगळे पांगल्यावर चढलो बोटीत. ते बसले होते तिथेच उभा राहिलो, टाच आपटली.

तुम्हाला सांगतो... खरंच मऊ आहे. उद्या कापायला घेतोय.