गोळीला टीडीएस लागतो

...आणि म्हणे जीभ दाखवा! अहो, मी म्हटलं, दुखतोय गुडघा, जीभ कशाला दाखवू? तर आमची मेघना म्हणते, पप्पा, प्रश्न पेशंटने विचारायचे नसतात, नर्सने विचारायचे असतात. आता तुम्हाला सांगतो, माझी चूक काय? घोडपदेवच्या उतारावर भाजीची पिशवी घेऊन येताना पाय मुरगळला, डॉक्टर वॉल्टरकडे गेलो, त्यांनी चिठ्ठी लिहून दिली. आता माणसाने काय करावं? मेडिकलमधून गोळी घ्यावी, गिळावी, विषय संपला. पण घरात नर्सिंग शिकणारी मुलगी! तिने चिठ्ठी हातातून ओढून घेतली आणि त्या क्षणापासून मी बाप राहिलो नाही, पेशंट झालो. माझा फक्त गुडघा दुखत होता हो!

तसं तिचंही काही चुकत नव्हतं. फार्माकॉलॉजी म्हणजे औषधांचा अभ्यास, तो विषय तिचा एकदा राहिलेला. रिझल्ट लागला तेव्हा गॅलरीचा कठडा धरून अशी रडली पोर, की समोरच्या खोलीतल्यांनी टीव्हीचा आवाज कमी केला. माझ्याने बघवेना. आता पुन्हा तोंडी परीक्षा, आणि या वेळी उडाली तर वर्ष गेलं. तेव्हा मी बोलून गेलो, "माझ्यावर प्रॅक्टिस कर." बोलून गेलो... पाय घसरला तर डॉक्टर असतो, जीभ घसरली तर कोणाकडे जायचं?

झालं, चिठ्ठीचं वाचन सुरू. गुडघ्याच्या मलमापुढे डॉक्टरांनी लिहिलेलं, बीडी. मी म्हटलं, काय देवमाणूस आहे, जगातले सगळे डॉक्टर बिडी सोडायला सांगतात, हा लिहून देतो! तर बीडी म्हणजे दिवसातून दोनदा. पित्ताच्या गोळीपुढे एसी. मी म्हटलं, अगं, आपल्या खोलीत पंखा लावला तर कॅलेंडर उडतं, एसी कुठे बसवू? तर एसी म्हणजे जेवणाआधी, पीसी म्हणजे जेवणानंतर. एचएस म्हणजे झोपताना. हे मात्र मला एका फटक्यात पाठ झालं, कारण एचएस म्हणजे हायस्कूल, आणि हायस्कूलमध्ये मी दुसरं काय केलं? आणि मग ती म्हणाली, टीडीएस म्हणजे दिवसातून तीनदा. मी ताडकन उभा राहिलो... म्हणजे गुडघा धरून, हळूहळू ताडकन. अहो, आयुष्य गेलं माझं ऑफिसच्या अकाउंट्स सेक्शनमध्ये! टीडीएस म्हणजे पगार हातात यायच्या आधीच कापून घेतात तो कर! तो दिवसातून तीनदा? महिन्यातून एकदा कापतात तरी माणूस कण्हत असतो!

आणि दुखण्याच्या गोळीपुढे, जी मला खरी हवी होती तिच्यापुढे, एसओएस. म्हणजे गरज पडली तरच. आता गरज पडली हे ठरवायचं कोणी? ज्याचा गुडघा त्याने, की नाही? नाही! म्हणे पेशंटचं निरीक्षण करून नर्सने ठरवायचं. आणि नर्स कॉलेजात गेली की तिच्या जागी बदली कामगार कोण? आमची शेवंती, म्हणजे तिची आई. मी म्हणतोय, अगं ठणकतंय, दे एक गोळी. ही तांदूळ निवडता निवडता वर न बघता म्हणते, "आत्ता तर फोनवर हसत होता. गरज नाय." माणसाने हसायचंही नाही? माझा फक्त गुडघा दुखत होता, तोंड शाबूत होतं!

बरं, नुसत्या चिठ्ठीवर भागलं असतं तर ठीक. पुढे औषध अंगात गेल्यावर काय करतं, ते पण माझ्याच अंगावर. म्हणे शरीरात औषधाला बसायला जागा असतात. मी म्हटलं, गॅलरीतल्या माझ्या खुर्चीसारख्या? म्हणाली, बरोबर, तुम्ही बसलात की पेपर वाचता, काहीतरी काम होतं, म्हणजे तुम्ही अ‍ॅगोनिस्ट. आणि आई येऊन नुसतीच बसते, स्वतः वाचत नाही, पण तुम्हालाही बसू देत नाही, ती अँटॅगोनिस्ट. तुम्हाला सांगतो, लग्नाला इतकी वर्षं झाली, नेमका शब्द सापडत नव्हता! मग हाफ-लाइफ. औषध रक्तात निम्मं व्हायला लागतो तो वेळ. मग उरलेल्याचं निम्मं, मग त्याचं निम्मं. म्हटलं, कळलं, आपल्याकडचा नानखटाईचा डबा. जो येतो तो उरलेल्यातली निम्मी खातो, शेवटी एक तुकडा राहतो, त्याचाही प्रत्येक जण अर्धा मोडतो, पण डबा संपवून घासायला टाकायचं पाप कोणी करत नाही. पोरगी पहिल्यांदा हसली. तेवढा वेळ गुडघा विसरलो मी.

पण एका जागी गाडी अडली. गोळी गिळली की ती थेट गुडघ्याला जात नाही. पोटातून आधी लिव्हरकडे जाते, लिव्हर तिचा काही भाग तिथेच निकालात काढतं, उरलेली पुढे रक्तात. याला म्हणे फर्स्ट पास. शब्द पाठ, पण अर्थ काही डोक्यात बसेना, विचारलं की पोरीच्या डोळ्यांत पाणी. मला राहवेना. म्हटलं, "अगं वेडे, हा टीडीएस! लिव्हर म्हणजे आमचा अकाउंट्स सेक्शन!"

ती उसळलीच. "पप्पा, टीडीएस म्हणजे तीनदा! किती वेळा सांगू?"

म्हटलं, "तीनदा."

आतून शेवंती लाटणं घेऊनच बाहेर. "गप बसा हो. पोरीच्या डोक्यात भलतंसलतं भरताय, नापास झाली तर तुमच्यामुळे." खरंच भीती वाटली मला. माझ्या फाजीलपणापायी पोरीचं वर्ष गेलं असतं तर? परीक्षेच्या दिवशी मी खुर्चीतसुद्धा बसलो नाही, उभाच, दुखऱ्या पायावर.

तिथे काय झालं ते तिनेच नंतर सांगितलं. समोर परीक्षक मॅडम, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, आवाज असा थंड, "फर्स्ट पास एक्स्प्लेन करा." पोरीचं डोकं कोरं. आणि तोंडातून काय निघावं? "टीडीएस, मॅडम."

मॅडम म्हणाल्या, "टीडीएस म्हणजे दिवसातून तीनदा."

"तो नाही, मॅडम. पप्पांचा." आणि मग जी सुटली... पगार हातात यायच्या आधी कापून घेतात तसं गोळी रक्तात पोचायच्या आधीच लिव्हर कापून घेतं, म्हणून अशी औषधं तोंडाने जास्त द्यावी लागतात आणि शिरेतून दिली तर थोडी पुरतात, कारण शिरेतून दिलेलं आधी अकाउंट्स सेक्शनला जात नाही! मॅडमनी चष्मा काढला. पुसला. म्हणाल्या, "माझाही या महिन्यात बराच कापलाय." आणि हसल्या.

पास! दारातूनच माझ्या गळ्यात पडली. मलाही रडू आलं, खोटं कशाला सांगू? मग डोळे पुसून मी हळूच म्हटलं, आता तरी ती दुखण्याची गोळी... तर शेवंती म्हणते, "आनंदाचं रडताय. गरज नाय."

आणि मेघना? ती माझ्या शेजारी बसली, लाडात आली. मला तेव्हाच संशय यायला हवा होता. म्हणाली, "पप्पा, पुढच्या वर्षी मिडवायफरी आहे. म्हणजे बाळंतपण. तुम्ही आहात ना प्रॅक्टिसला?"

मी शेवंतीकडे बघितलं. म्हटलं, बायको आहे, निदान आता तरी नवऱ्याची बाजू घेईल. तिने माझ्या पोटाकडे नीट निरखून बघितलं, निरीक्षण हो, आणि पोरीला म्हणाली, "सातवा धरून चाल."

आता तुम्हीच सांगा... माझा फक्त गुडघा दुखत होता.