फुली नसलेला पिवळा ससा

नाही, पण मी म्हणतो, माणसाने आपल्याच घराचं दार किती वेळा उघडायचं? आणि तेही कुणी वाजवलेलं नसताना! तुम्हाला सांगतो, माझा भुताखेतांवर काडीचा विश्वास नाही. सदतीस वर्षं नगरपालिकेत नकाशे काढले मी, जे पट्टीने मोजता येत नाही ते आम्ही कागदावरच घेत नाही. पण दुपारचे पावणेतीन वाजले की आमच्या दारात, चपलांच्या स्टँडशेजारी, एक माणूस उभा असतो. खांद्याला चामड्याची पिशवी, एका पायात बूट आणि दुसरा पाय अनवाणी... आणि तो गेला की फरशीवर ओले ठसे, एक बुटाचा, एक पायाचा, एक बुटाचा, एक पायाचा. रोज! रविवारीसुद्धा! अहो, जिवंत पोस्टमन तरी रविवारी येतो का?

आमची ही आतून ओरडते, "अहो, कोण आलंय?"

मी म्हणतो, "पोस्टमन."

"मग घ्या ना पत्र!"

आता हिला कसं सांगू, की तो पत्र द्यायला आलेला नाही... तो पत्राचं विचारायला आलाय!

सगळं त्या सशामुळे झालं. ससा म्हणजे काय, तर पूर्वी, म्हणजे दीडशे वर्षांपूर्वी हं, सरकारी टपाल फक्त कचेरीपर्यंत यायचं. तिथून पुढे तुमचं नशीब. मग गावोगाव खाजगी टपालवाले निघाले, ते घरोघर पत्रं पोचवायचे आणि प्रत्येकाचं आपापलं तिकीट. लोक काय काय जमवतात, काड्यापेट्या जमवतात, दुखणी जमवतात, मी ही तिकिटं जमवतो. आमच्या गावच्या टपालवाल्याचं तिकीट पिवळं, त्यावर तोंडात पत्र धरून पळणारा ससा. छपाई इतकी दिव्य की आमच्या मेहुण्यांनी पहिल्यांदा बघितलं आणि म्हणाले, "गाढव छान आलंय." आणि त्या टपालवाल्याची पद्धत अशी, की पत्र माणसाच्या हातात पडलं की तिथेच, त्याच्यासमोर, सशावर निळ्या पेन्सिलीने फुली मारायची. फुली म्हणजे काम झालं. म्हणून जगात जेवढी म्हणून पिवळा ससा लावलेली पाकिटं आहेत, त्या सगळ्यांवर फुली!

आणि मला मिळालं बिनफुलीचं.

जुन्या कागदांच्या गठ्ठ्यात मिळालं. बंद पाकीट, लाखेची मोहोर शाबूत, ससा कोरा करकरीत. मी ते आमच्या तिकीट मंडळात नेलं. आमचे अध्यक्ष, त्यांना आम्ही भिंगवाले म्हणतो, जेवतानासुद्धा भिंग गळ्यात असतं, त्यांनी पाकिटावर भिंग धरलं आणि मटकन खाली बसले. "फुली नाही!" म्हणाले. "अहो... फुली नाही हो!" पाणी मागितलं. मग सगळ्यांनी एकेक करून पाकिटाबरोबर फोटो काढून घेतले. आणि निघताना अध्यक्षांनी माझा हात घट्ट धरून सांगितलं, "एक लक्षात ठेवा. काहीही होवो, पाकीट उघडायचं नाही. मोहोर तुटली की संपलं." मी म्हटलं, उघडतोय कशाला? आत काय आहे याच्याशी मला काय करायचंय?

आता मला सांगा, बारा माणसं होतो आम्ही त्या खोलीत. बारा शहाणी, चष्मेवाली, पिकलेली माणसं. फुली नाही, फुली नाही म्हणून नाचलो. पण फुली नाही म्हणजे पत्र पोचलंच नाही... हे एकाच्याही डोक्यात येऊ नये?

दुसऱ्या दिवशी पावणेतीनला तो आला.

पहिले चार दिवस मी दार लावून घेतलं. उपयोग शून्य. पाचव्या दिवशी विचारलं, "काय पाहिजे?" तो म्हणाला, "पोचवलंत का?" आवाज कसा, तर रिकाम्या पेटीतून यावा तसा. मी म्हटलं, "तुमचं पत्र आहे, तुम्हीच न्या की!" तो म्हणाला, "आमच्यात नियम आहे. पत्र ज्याच्या हातात, तोच पोचवतो. ते आता तुमच्या हातात आहे." बघा! मेला तरी कामचुकारपणा... नाही नाही, तसं नको म्हणायला. पुढे मी जुनी वर्तमानपत्रं काढून बसलो तेव्हा कळलं. सरकारने एके दिवशी खाजगी टपाल बंद केलं. भर दुपारी, भर पावसात, वाटेत गाठून टपालवाल्यांच्या पिशव्या जप्त केल्या आणि गाडीत टाकल्या. बाकीचे घरी गेले. एकजण मात्र, छापलंय तसं, 'एक पत्र राहिले आहे असे ओरडत गाडीमागे धावत गेला.' पुढे त्याचं काय झालं, ते कुणी छापलेलं नाही. एक बूट त्या धावण्यात गेला असणार. ते वाचलं आणि तुम्हाला खरं सांगतो, पाकीट कपाटातून काढून टेबलावर ठेवलं.

पण हौस वाईट असते हो! माझा भुताखेतांवर काडीचा विश्वास नाही, तरी मी भुताला फसवायचा प्रयत्न केला. पाकिटाची रंगीत झेरॉक्स काढली, तिची घडी घालून तसंच पाकीट केलं, त्याला दाखवलं आणि म्हटलं, "हे बघा, हेच पोचवतो, अस्सल माझ्याकडे राहू दे." त्याने ते नाकाशी नेलं. वास घेतला. आणि माझ्याकडे बघितलं... अहो, गणितात नापास झालो तेव्हा वडिलांनीसुद्धा असं बघितलं नव्हतं. त्या दिवशी ठसे उंबऱ्याच्या आत आले. पार पलंगापर्यंत. हिने पुसता पुसता फडकं आपटलं. "तुमचा पोस्टमन दिसत नाही मला, पण त्याचे पाय मीच पुसते! पोचवून टाका ते एकदाचं, नाहीतर मी चालले बहिणीकडे!"

पत्ता काय, तर 'आईस. दोरखंड गल्ली, घड्याळजीच्या वर.' बस्स! पण मी नकाशावाला. दोरखंड गल्लीचं नाव तीनदा बदललंय आणि तिन्ही वेळा पाटीसाठी नकाशा मीच काढलाय. गेलो. घड्याळजीच्या जागी आता मोबाईल दुरुस्तीचं दुकान. शेजारून लाकडी जिना. वर गेलो, दारात एक सत्तरीच्या बाई, गळ्यात टेप, तोंडात टाचण्या. शाळेचे गणवेश शिवतात. मला बघून म्हणाल्या, "बटणं आणलीत?"

मी म्हटलं, "नाही, पत्र आणलंय."

"कुणाचं?"

"तुमच्या... तुमच्या पणजीच्या आईचं असावं. किंवा तिच्याही आईचं."

त्यांनी तोंडातल्या टाचण्या काढल्या. एकेक. पत्ता वाचला. आणि मग त्या खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, "आमच्या घरात एक गोष्ट सांगतात. थोरला मुलगा बोटीने गेला. त्याचं पत्रच आलं नाही. बोट बुडाली म्हणायचे लोक. ती माउली रोज दुपारी या जिन्याच्या वरच्या पायरीवर बसायची. वीस वर्षं बसली आणि तिथेच गेली."

मी काही बोलणार, "बाई, मोहोरेला जरा सांभाळून, वाफ देऊन अलगद..." तेवढ्यात त्यांनी बोट घातलं आणि टर्र! शिवणकाम करणाऱ्या बाई त्या, त्यांना उसवायला किती वेळ? तिकिटाच्या मधोमध! सशाचे कान एकीकडे, शेपूट दुसरीकडे! पाकिटावर लावलेला, जगातला एकमेव बिनफुलीचा पिवळा ससा... माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी.

बाईंनी वाचलं. एवढुसं पत्र. 'आई, पोचलो. बोट हलत होती पण मी घाबरलो नाही. जेवण बरं आहे. तू दाराशी बसू नकोस, पाय दुखतील.'

बाईंनी पत्र मांडीवर ठेवलं. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "किती हळवे आहात हो तुम्ही." आता काय सांगू? मी सशासाठी रडत होतो. खोटं कशाला बोलू, सशासाठीच रडत होतो... पण मग त्या उठल्या, जिन्याच्या वरच्या पायरीशी गेल्या आणि तिथे कुणीतरी बसलंय असं धरून, मोठ्याने, एकेक शब्द सुटा करून, ते पत्र परत वाचलं. "पोचलो, म्हणतोय. ऐकलंस? पोचलो!" आणि तुम्हाला सांगतो, माझा भुताखेतांवर काडीचा विश्वास नाही, पण ती पायरी कुरकुरली. कुणीतरी उठल्यावर कुरकुरते तशी. मग मात्र मी सशासाठी रडत नव्हतो.

सुटलो म्हणून निघालो, तर बाई म्हणतात, "थांबा. उत्तर द्यायला नको?" आणि बसल्या की लिहायला! चार पानं! पाठपोट! घरात पुढे कोण जन्मलं, कोण गेलं, गल्लीचं नाव बदललं, सगळं! पाकीट चिकटवून माझ्या हातात दिलं. "तिकीट तेवढं लावा. तुमच्याकडे असतीलच."

आहेत ना! म्हणजे होती. कोऱ्या पिवळ्या सशांची एक जोडी. दोन तिकिटं एकमेकांना जोडलेली, कापलीच नव्हती कधी. अशी जोडी दुसऱ्या कुणाकडे नाही. भिंगवाले नुसती बघायला मिळावी म्हणून वर्षातून दोनदा आमच्याकडे येऊन चहा पितात.

दुसऱ्या दिवशी पावणेतीनला तो दारात. मी जोडी बाहेर काढली. हिची कात्री घेतली, डोळे मिटले आणि जोडी कापली. कच्च! दीडशे वर्षांचा डिंक या जिभेने ओला केला, या जिभेने! आणि ससा पाकिटावर डकवला. ते पाकीट त्याच्याकडे दिलं. म्हटलं, घे बाबा, आता हे तुझ्या हातात.

त्याने ते घेतलं, तळहातावर ठेवलं, जरा वरखाली केलं, आणि पहिल्यांदाच माझ्याकडे बघून हसला.

"जड आहे," म्हणाला. "दोन लागतील."

लावलं दुसरं... पण मी म्हणतो, कापायच्या आधी सांगायला काय झालं होतं?