दुर्गीच्या शिबिराचा कागद

हॅलो?… हॅलो! कोन?… हो जी, नीलाबाईच बोलून राह्यली. दुर्गीची माय… साक्षी मॅडम? थांबा, थांबा मॅडम, या गोट्यावर चढतो, खाली आवाज तुटते… हां. बोला आता.

हो… हो, मालूम आहे. आज शेवटचा दिवस, पाच वाजेपर्यंत. त्या रॉकेटवाल्या शिबिराचा कागद, आईबापाची सही. मालूम आहे जी, मीच सकाळपासून तुमाले फोन लावून राह्यली, लागतच नाई… नाई, नाई! आता नाई म्हनाले नाई लावला. मॅडम, आधी माह्यं ऐका ना. त्या दिवशी तुमी एवढ्या उन्हात शाळेतून स्कूटीवर आल्या, साऱ्या आश्रमशाळेतून एकटी नववीतली दुर्गी निवडली म्हनून सांगाले आल्या, अन् मी दारातूनच वापस धाडलं तुमाले. पान्याचा गिलास बी नाई देल्ला… मनात नाई ठेवलं, हे तुमचं मोठेपन. मले शरम वाटते.

नाई, कालचं जे झालं त्याच्यानं… तुमाले कोनी सांगतलं नाई?… दुर्गी बरी आहे! बरी आहे जी, इथीच आहे, बकऱ्यायले पाला टाकून राह्यली. आधीच सांगून देतो, घाबरू नका.

अवो, आमच्या मोहाच्या झाडाखाली आग लावली… मी. मीच. दर सालची रीत आहे. खालचा पाला जाळला का जमीन साफ होते, फूल पडलं का दुरून दिसते, वेचाले सोपं… हो ना, दुर्गी बी तेच म्हने. आई, जाळू नको, झाडून घे, नाई तं जाळी अंथर. पन काल सकाळीच आमचं वाजलं होतं ना, शिबिरावरून. मी म्हनलं, मोहाचे हेच पंधरा दिवस, अन् तू रॉकेट पाहाले जातं? मोह कोन वेचन, तुह्या मॅडम?… हासा, हासा. असंच म्हनलं. मंग ती बकऱ्या घेऊन फनफनत निंगून गेली, टेकडीच्या पल्याड, नाल्यात.

अन् मी रागारागानं काडी ओढली. बारा वाजता, भर उन्हात. झाडू मारत बसाचा धीर कुठी होता मले… हो, वारा सुटला. पळसाची फांदी घेऊन झोडपून राह्यली, तिचा बाप बी धावला, पन आग टेकडीवर चढली. पल्याड काय होऊन राह्यलं, इकडून काईच दिसत नाई. मले वाटे, दुर्गी लांब गेली असन… नाई ना मॅडम. तिथीच होती. नाल्यातल्या खडकावर उभी, दोनी बाजूनं धूर.

हॅलो?… आहे, आहे. आवाज येते ना?… हां.

मंग हरिदासभाऊ आले, आमचे फॉरेस्ट गार्ड. सोबत दोन मजूर, पाठीवर ते पाला उडवाची मशीन. अन् आले बी पल्याडच्याच बाजूनं, सीधे नाल्यावर… मी बी तेच इचारलं! गावातून कोनाचाच फोन नाई गेला, मंग तुमाले कोनं सांगतलं भाऊ? त्यायनं मोबाईल दाखवला. नकाशा, अन् त्याच्यावर लाल ठिपका. म्हने, बाई, उपग्रहानं सांगतलं. दीडच्या सुमाराले वरून गेला, जाता जाता तुमची आग पाहून गेला. पाला उडवून रस्ता केला त्यायनं, अन् पोरीले हाताले धरून आनलं. चारी बकऱ्या बी आल्या.

हो… सांगतलं ना. त्याच जागी सांगतलं, हरिदासभाऊ, काडी माह्यीच. लपवून काय करू? बयान लिहून घेतलं त्यायनं. मॅडम, तेच इचाराचं होतं तुमाले. माह्या गुन्ह्याचा डाग पोरीच्या कागदावर नाई ना पडत?… नक्की?… तिथी कोनी इचारत नाई?… बरं जी. बरं. जीव अडकला होता माह्या.

अवो, ऐका ना. आज नवा मोह पेनाले वाहिला. आमच्या देवाले देल्ल्याबिगर तो आमी तोंडात नाई टाकत. मंग आनखी एक ओंजळ पानावर बाजूले काढली. दुर्गी इचारते, हे कोनाचं? म्हनलं, वरच्या त्या यंत्राचं. तं हासते ती! म्हनते, आई, ते देव नोहे व, मानसं बनवतेत. डबा घेऊन कामावर जातेत, वायरी जोडतेत, चुकलं का उकलून परत जोडतेत. बाया बी आहेत म्हने… खरंच आहेत?… लेकराबाळाच्या?… घ्या! मले वाटे, रॉकेट म्हंजे निरा टीव्हीतलं. असं काम असते, त्याचा पगार भेटते, अन् त्या कामानं माह्यी पोरगी वाचते, हे मले कोनं सांगतलं होतं?… हो. तुमी सांगतलं होतं. मीच ऐकलं नाई.

पन एक गोष्ट मनाले लागली. हरिदासभाऊ म्हने, हा उपग्रह आपला नोहे, बाहेरच्या देशाचा होय. ते खबर देतेत, आपन घेतो. त्यायचं बी भलं होवो जी, उपकारच आहेत. पन ठरल्या बखतालेच वरून जाते म्हने. मी काडी दोन वाजता ओढली असती, तं तो निंगून गेला असता ना?… हो.

आपले बी आहेत?… पावसाचं सांगनारे, हां, ते दुर्गी सांगे… मंग आमच्या जंगलावर दिवसभर नजर ठेवनारे आनखी पायजेत ना? अन् ते बनवाले हात पायजेत… मंग घ्या, दोन हात माह्या घरचे.

तिचा बाप? इतवारीनं तं सकाळीच तिची पेटी पुसून ठेवली. कालपासून पोरीजवळून हालला नाई तो. मोह आमी दोघं वेचू. झाडून घेऊ, वेळ लागन तं लागन.

काय लिहिलं आहे कागदावर? वाचून दाखवा… हं… हं… 'मी माझ्या पाल्यास स्वतःच्या मर्जीने पाठवीत आहे'… थांबा. मर्जीनं नोहे मॅडम. मर्जी तं पोरीले घरी बसवाची होती माह्यी. तिथी असं लिहा, हात जोडून पाठवून राह्यली… नाई चालत? छापील आहे?… बरं. मंग सही खाली करतो, अन् हात तुमच्यापुढं येऊन जोडतो… रडू नका जी, मले बी… हॅलो?… मॅडम?… हॅलो?

गेलं वाटते.

दुर्गे! वं दुर्गे! ठेव तो पाला. चप्पल घाल, शाळेत जाचं आहे.