खिडकीजवळचा माणूस

आईला पहिल्यांदा विमानात बसवलं ना, तेव्हा तिला दिसेल त्या माणसाचा संशय. ताई बाळंत झाली म्हणून आम्ही शिर्डीहून हैदराबादला निघालो होतो. काउंटरवर डिंकाच्या लाडवांची बॅग आत सरकली, तशी आई म्हणाली, "गेली. आता कुठली मिळती." माझीही पहिलीच वेळ, मी तरी छातीठोकपणे काय सांगणार?

विमानात मी कडेला, आई मधे आणि खिडकीपाशी एक धिप्पाड माणूस. डोळे मिटलेले, ओठ हलतायत आणि उजवी मूठ घट्ट आवळलेली. विमान अजून जागचं हललं नव्हतं. आई माझ्या कानाशी लागली. "ह्याच्या मुठीत कायतरी हाय. त्या हवाई सुंदरीला बोलव."

"आई, गप बस."

पण माझीही नजर त्या मुठीवरून हटेना. शेवटी आईनेच त्याच्या दंडाला हात लावला. "भाऊ, मूठ उघडा बरं."

त्याने निमूट उघडली. आत दोन वेलदोडे, घामाने भिजलेले. "मळमळू नये म्हणून बायकोनं दिलेत, मावशी. पहिल्यांदाच बसलोय. लई भ्या वाटतंय."

आईने त्याच्याकडे नीट पाहिलं. "डोळं मिटूनच बसायचं तर खिडकी कशाला अडवली? इकडं सरका. मी बघते अन् तुमाला सांगते."

मग काय, हैदराबाद येईपर्यंत आई काचेला कपाळ लावून एकेक ढग सांगत होती आणि तो माणूस डोळे न उघडता "व्हय, व्हय" म्हणत होता.