ताटातल्या दोन चपात्या

(ताडकळस. दुपारची जेवणाची वेळ. कस्तुराबाई पाटावर, डाव्या हाताला प्लास्टर. नात अर्पिता कालच नांदेडहून आलेली. सून राजेश्री तव्यापाशी.)

अर्पिता: कालवडीनं कबूल केलंय आजी. आता तू कर.

कस्तुराबाई: कालवड बोलायलीय का? मग तिलाच ने नांदेडला शिकायला. तुझ्यापरीस लवकर पास होईल.

अर्पिता: सकाळी गोठ्यात गेले होते. तिच्या गव्हाणीत चपातीचे तुकडे सापडले. तूप लावलेले. या घरात जनावरांना तूप लावून चपाती वाढायची पद्धत कधीपासून?

कस्तुराबाई: गोमातेला घास टाकावा म्हंत्यात. तुमच्या कॉलेजात न्हाई शिकवत का?

राजेश्री: घास एक असतो, आत्याबाई. रोजच्या दोन-दोन म्हणजे ते ताट झालं. तरी मी म्हणायले, तिचं पोट असं कशानं फुगलं. परवा ढोराचा डॉक्टर विचारायलाय, गहू खाऊ घालता का? मी लेकराची शपथ घेऊन नाही म्हणाले.

कस्तुराबाई: पोट फुगलं? मग झाली आसंल तिलाबी ह्या पोरीची बिमारी. घाला तिच्याबी नरड्यात नळी.

अर्पिता: माझ्या नरड्यात घातली तेव्हा तू हसली नव्हतीस.

कस्तुराबाई: तवा तू काडीवानी झाली व्हतीस, माय. हसू कुठून येईल?

अर्पिता: दोन वर्षं गेली त्यात. आधी जंताचं औषध. मग ताकदीचं. मग तू मीठ-मोहऱ्या उतरवल्यास. शेवटी नांदेडला रक्त तपासलं, नळी घालून आतड्याचा बारीकसा तुकडा काढला, तेव्हा कुठं नाव कळलं. सिलिअॅक. घराण्यातून येतं ते. गव्हानं माझं आतडं आतून सोलून निघतं.

कस्तुराबाई: कळलं ना? गहू सोडलास, बाळसं धरलंस. आता माझ्या मागं कशाला लागलीस? माझा रगताचा कागद साफ हाय.

राजेश्री: साफ तर आहेच. देव्हाऱ्यात ठेवलाय, महादेवाच्या शेजारी. रोज हळदकुंकू लागतंय त्याला.

कस्तुराबाई: लागूदे की. तुझ्या पोटात का दुखायलंय?

राजेश्री: दुखत नाही. मी तपासून घेतलंय, माझाही साफ आहे. फक्त माझा कागद कुणी भावकीत वाचून दाखवला नाही. दिवाळीला बारा बायका बसवून तुम्ही म्हणालात, आमच्याकडं आसलं काही न्हाई बाई, हे सुनंच्या माहेरचं हाय. माझा बाप पंचाहत्तरीत सोनपेठच्या बाजारात उभ्याउभ्या आठ पुऱ्या हाणतो. त्याला बिचाऱ्याला माहीतच नाही, तो किती आजारी आहे.

अर्पिता: आई, थांब. आजी, मला एकच सांग. रक्त काढायच्या आधी डॉक्टरांनी तुला विचारलं, गहू खाता का? तू काय म्हणालीस?

कस्तुराबाई: खरं तेच. रोज ताटात दोन चपात्या आसत्यात म्हनलं.

अर्पिता: ताटात. आणि पोटात?

कस्तुराबाई: पोटाचं त्यांनी कुठं इचारलं?

राजेश्री: ऐका! यांना वकील करायला पाहिजे होतं.

अर्पिता: किती दिवसांपासून कालवड जेवतेय तुझ्या ताटातलं?

कस्तुराबाई: तिच्या आदी तिची माय जेवायची.

अर्पिता: म्हणजे किती वर्षं?

कस्तुराबाई: मोजलं न्हाई. चार-पाच आसतील. म्या आपली सकाळच्या उरल्याल्या भाकरीवर भागवते.

अर्पिता: देवा! आजी, गहू खाणाऱ्याच्याच रक्तात ते दिसतं. वर्षानुवर्षं खाल्लाच नाही, तर रक्त काय सांगणार? तो कागद तुझा नाहीच. तो भाकरी खाणाऱ्या बाईचा आहे.

कस्तुराबाई: मग बरंच झालं की. आपसूक पथ्य झालं. बिमारी आसली तरी इलाज झाला, नसली तरी झाला. उठ, हात धू.

अर्पिता: पथ्य असं अर्धवट नसतं. घरातला हिंग बघ, त्यात गव्हाचं पीठ असतं. तुझी ज्वारी बन्सीधरच्या गिरणीत गव्हावर गहू दळून झाला की त्याच जात्यात पडते. सणाला शिरा, लग्नात बुंदीबरोबर पुऱ्या. तेवढ्यावर तुझी हाडं कुरतडली जात असतील तर? उंबऱ्याला ठेच लागली आणि मनगट मोडलं. ठेचेनं मनगट मोडतं का कुणाचं?

कस्तुराबाई: म्हातारी झाले. मनगटाला काय सोन्याचं कडं घातलंय?

अर्पिता: बरं, तुझं सोड. बाबांचं काय? हिमोग्लोबिन आठ. जिना चढले की धापा टाकतात. डॉक्टरांनी माझ्या आई-बापांचं दोघांचं रक्त मागितलं. आईनं दिलं. बाबा काय म्हणतात, माहितीये? “मायचा साफ आलाय, माझं काय तपासता?” तुझ्या त्या देव्हाऱ्यातल्या कागदावर माणूस बसून राहिलाय, आजी.

कस्तुराबाई: परमेश्वर असं म्हनला?

राजेश्री: रोज म्हणतात. शेतातून आले की मातीसारखा चेहरा असतो. तीन चपात्या खातात, अन् मग तासभर पोट धरून पडतात. विचारलं की म्हणतात, अंगदुखी आहे.

कस्तुराबाई: लहानपनापासून तसंच हाय ते.

अर्पिता: तेच म्हणते मी. आणि तुला चपाती आवडत नव्हती तर सरळ सांगायचं, भाकरी वाढ. कालवडीला कशाला मधे घेतलंस?

कस्तुराबाई: तुला काय कळायचंय. म्हातारी भाकरीवर दिसली की भावकी म्हननार, परमेश्वर आईला ज्वारीवर ठेवतो अन् बायकोला तुपातली चपाती. आमच्या माहेरी गहू म्हंजी दिवाळी, न्हाईतर पाव्हना. वर्सभर ज्वारी, शेंगदान्याची चटणी, अंबाडी. ढेकर बी कसा स्वच्छ यायचा. लगीन होऊन हितं आले अन् येलदरी धरणाचं पानी कालव्याला आलं. सासऱ्याला गव्हाची हौस सुटली. दुपारी चपाती, राती चपाती. बाया म्हनायच्या, कस्तुरानं नशीब काढलं. नशीब! परसाकडं जाऊन जाऊन माझ्या नावची पायवाट पडली व्हती.

अर्पिता: कुणाला सांगितलं नाहीस?

कस्तुराबाई: काय सांगू? मला चपाती सोसत न्हाई? हसले असते. म्हून म्या उपास धरले. सोमवार, गुरुवार, शनिवार. दोन एकादश्या, चतुर्थी. श्रावन आखा.

राजेश्री: गावात अजून नाव घेतात. उपास करावा तर कस्तुरामायसारखा. मला लग्नानंतर पहिल्या सोमवारी भूक लागली तर तुम्ही वर्षभर ऐकवलं होतं.

अर्पिता: आणि उपासाला खायचीस काय?

कस्तुराबाई: भगर. दान्याची आमटी. पोट कसं निजलेल्या लेकरावानी गप.

अर्पिता: म्हणजे उपास महादेवाचे नव्हते. पोटाचे होते.

कस्तुराबाई: जीभ आवर, अर्पे.

राजेश्री: अगं, बोलायला काही ताळतंत्र?

अर्पिता: चुकले. चेष्टेत बोलले.

कस्तुराबाई: चेष्टाच हाय तुमची. ह्याच्यासाठीच म्या त्या सुईला भ्यायले. कागद साफ आला तवा देवाच्या पायाशी ठिवला, ते काय तुझ्या आईला जाळायला न्हाई. ...थोडं त्येबी व्हतं.

राजेश्री: माहितीये. थोडं.

कस्तुराबाई: माझी दोन लेकरं पोटातच गेली. तिसऱ्या खेपंला सासू म्हनली, दुसरी करू पोराला. तवा म्या महादेवाम्होरं पदर पसरला. लेकरू मांडीवर येईस्तवर गव्हाचा कन तोंडात घालनार न्हाई, म्हनलं. त्यानंच तसं मनात घातलं. दीड वर्स पाळलं. अंगावर मांस चढलं. तोंडावर तेज आलं. बाया इचारायच्या, काय खायलीस? परमेश्वर झाला. त्याचं नाव उगं ठिवलं का?

अर्पिता: आजी...

कस्तुराबाई: आता तुझा डॉक्टर कागद काढनार. त्यात येनार, बाईला गहू सोसत न्हवता, सोडला म्हून लेकरू ठरलं. मग महादेवानं काय केलं? पन्नास वर्सं ज्याच्याम्होरं डोकं टेकवलं, त्यो नुसता बघत व्हता?

अर्पिता: कागदावर तसलं काही नसतं गं. एक आकडा असतो.

कस्तुराबाई: तुला आकडा. मला ते लेकरू हाय.

अर्पिता: मग नवस फिटल्यावर काय झालं?

कस्तुराबाई: बारशाला पुरनपोळ्या. सासूनं बळंच चार कोंबल्या. पुन्हा तीच पायवाट. पुन्हा कूस काही उजवली न्हाई.

अर्पिता: एक विचारू? रागावू नको. परत खा म्हणून महादेवानं सांगितलं होतं?

कस्तुराबाई: ...न्हाई.

अर्पिता: मग?

कस्तुराबाई: सासू म्हनली. नवस फिटला, आता खा.

अर्पिता: देवानं नुसतं सोड म्हणून सांगितलं होतं.

कस्तुराबाई: व्हय. तेवढंच सांगितलं व्हतं.

राजेश्री: तव्यावर आहे ती करपायली. काय करू? भाकरी टाकू का?

कस्तुराबाई: भाकरी ऱ्हाऊदे. रगत पुन्हा द्यायचं तर चपात्या किती दिवस खायाच्या?

अर्पिता: डॉक्टरांशी बोललेय मी. तुझ्या अंगाला झेपेल तेवढंच, सहा-आठ आठवडे. जास्त त्रास झाला तर त्याच दिवशी मला फोन. मग रक्त. लागलीच तर नळी.

कस्तुराबाई: म्हंजी बिमार हाय का बघायला आदी बिमार पडायचं. लय शिकले लोक. अन् नळी परमेश्वरला घाला. तोंड लय चालतं त्याचं.

अर्पिता: ते यायला तर पाहिजेत.

कस्तुराबाई: येतंय. राती जेवायला बसलं की सांगते, मायचा कागद खोटा निघाला. चपाती कालवडीनं खाल्ली अन् रगत मायनं दिलं. उद्याच्याला जाऊन तू दे. तू खातूस तीन-तीन, तुला थांबायचं काम न्हाई.

राजेश्री: अन् नाही म्हणाले तर?

कस्तुराबाई: तर म्याबी जेवनार न्हाई. उपास काय मला नवीन हाय?

राजेश्री: वाढते मग. तूप लावू?

कस्तुराबाई: लाव. कागदात तूप दिसत नसंल तर लाव. ...हे एका हातानं तुटंना. तोड जरा.

राजेश्री: बारीक करू?

कस्तुराबाई: दात हायेत मला. अन् गोठ्यात कडबा टाकून ये अर्पे, ती वाट बघत बसली आसंल. तिला म्हनावं, तुझा सोमवार आजपासून.

अर्पिता: जाते. आजी, हळू खा. पाणी देऊ?

कस्तुराबाई: ऱ्हाऊदे. राजेश्री...

राजेश्री: काय, आत्याबाई? आणखी तूप?

कस्तुराबाई: देव्हाऱ्यातला तेवढा कागद काढून घे. महादेवाला जरा ऐसपैस बसूदे.