नेटवर गेलेली सप्रेम भेट

तुम्हाला सांगतो, माझी एकुलती एक कादंबरी नेटवर फुकट डाउनलोडला ठेवणारा माणूस मी स्वतः पकडला. गाझियाबादच्या नव्या सोसायटीत राहायला गेलो, तेव्हाची गोष्ट. भाचीने ती फाइल उघडून दाखवली, तर पहिल्याच पानावर माझंच अक्षर: ‘देशपांडेसाहेबांना सप्रेम भेट.’ देशपांडे आमच्या वरच्याच मजल्यावर राहायचे, केंद्र सरकारात अंडर सेक्रेटरी. माझं डोकंच फिरलं. तसाच जिना चढलो.

“साहेब, तीन वर्षं खपून लिहिलीये मी. आता विकत कोण घेणार? नेटवर का टाकलीत?”

“अच्छा, ती होय? म्हटलं, चार लोक वाचतील, तुमचं नाव होईल.”

“पण फुकट?”

देशपांडे शांतपणे म्हणाले, “मला तरी तुम्ही कुठे विकत दिली होती?”