सातव्या झेंड्याखालचा निळ्या ठिपक्याचा चेंडू

ठाण्यात माझ्याबरोबर आले ते असे: गोल्फचा चेंडू एक, निळा ठिपका असलेला (तीन चेंडूंची पुडी एकवीसला, म्हणजे सातला पडला). छत्री एक, काडी वाकलेली (दुरुस्तीला दहा तरी लागतील). नणंद एक, तिची किंमत होत नाही.

नाव व पत्ता अंमलदारसाहेबांनी वर लिहिला आहे, तो बरोबर. वय त्रेपन्न, धंदा घरकाम, शिक्षण मॅट्रिक. साहेबांचा हात दुखत असल्याने त्यांच्यासमोर मीच माझ्या हाताने लिहून देते की,

गोल्फ हा श्रीमंतांचा खेळ अशी माझी समजूत होती. सार्वजनिक मैदानावर काठ्या भाड्याने मिळतात आणि सकाळी फी निम्मी असते, हे इस्पितळात नर्स असलेल्या माझ्या नणंदेने, म्हणजे वन्संनी, पटवून दिले. आज देवापुढे हात जोडून मी पहिल्यांदा खेळायला गेले. चेंडू हरवू नयेत म्हणून कपड्यांवर खूण करायच्या शाईने प्रत्येकावर ठिपका दिला होता. तरी दोन तळ्यात गेले. हा शेवटचा.

सातव्या होलचा (म्हणजे चेंडू घालायच्या खळग्याचा) झेंडा उंचवट्यामागे आहे. नुसते टोक दिसते. वन्सं म्हणाल्या, "वहिनी, जोर लावू नका. काठी आपोआप खाली येऊ द्या." मी गादी धोपटते तसा फटका दिला. चेंडू असा उंच गेला की वन्सं ओरडल्या, "अगं बाई! हा परत येणार आहे की नाही?" उंचवट्यापलीकडे तो दिसेनासा झाला.

पलीकडे जाऊन आम्ही झुडपे, गवत, वाळू सगळे पालथे घातले. झेंड्याखालच्या होलमध्ये पाहिले नाही. पहिल्याच दिवशी तिथे कोण पाहील?

आमच्यामागे पांढऱ्या टोपीचे एक वयस्कर गृहस्थ एकटेच खेळत होते. चेंडू शोधणाऱ्याने मागच्याला पुढे जाऊ द्यावे, असा मैदानाचा रिवाज आहे. मी हात केला. त्यांनी फटका मारला, चालत आले, इकडेतिकडे पाहिले, शेवटी होलमध्ये हात घातला आणि लहान मुलासारखे उड्या मारू लागले. "होलमध्ये! एका फटक्यात! वीस वर्षांनी!" मीही टाळ्या वाजवल्या, हे खरे आहे.

एवढ्यात वाळूत वन्संच्या पायाला एक नवाकोरा चेंडू लागला. त्यावर ठिपका नव्हता.

"काका, तुमचा चेंडू इथे आहे. मग हातातला कोणाचा?"

त्यांनी न बघताच तो खिशात टाकला. "बाई, वीस वर्षं खेळतोय मी. तुमच्या वहिनी आज आल्यात."

"म्हणून काय चेंडू वर्षं मोजून होलात जातो? दाखवा तरी!"

वन्संनी छत्रीने खिसा दाखवला, ते गर्रकन वळले आणि टोपी उडाली. छत्री टोपीला लागली, डोक्याला नाही. डोक्याला लागली असती तर तसे लिहिले असते. त्यांनी मारहाणीची तक्रार केली म्हणून आम्ही सगळे इथे आलो.

मैदानाच्या कचेरीत एक फळा आहे. एका फटक्यात चेंडू होलमध्ये घालणाऱ्याचे नाव त्यावर रंगवतात. त्यासाठी चेंडू दाखवावा लागतो, आणि घरच्या माणसाची साक्ष चालत नाही. चेंडू आत पडताना मी पाहिला नाही, वन्संनीही नाही. देवाला स्मरून खोटे लिहिणार नाही. साक्षीदार एकच, ज्यांनी तो बाहेर काढला ते.

साहेबांनी खिसा रिकामा करायला लावला. चेंडू टेबलावर घरंगळला आणि ठिपका वर करून थांबला. वन्संनी सवयीने माझी नाडी धरली. टोपीवाल्यांनी चष्मा लावला. चेंडू फिरवून पाहिला. मग मला विचारले, "कसा मारलात हो?"

"गादी धोपटतात तसा."

वन्संना हसू आवरेना. तेही हसले. "आणि मला वीस वर्षं सगळे सांगताहेत, जोर लावू नका!" मग साहेबांकडे वळून म्हणाले, "लिहून घ्या. होलमधून मीच काढला, चेंडू यांचा. टोपी वाऱ्याने उडाली."

वारा नव्हता, हे मला लिहिणे भाग आहे.

वरील मजकूर मी मोठ्याने वाचला. वन्सं आणि टोपीवाले दोघांनी ऐकला. वाऱ्याचे वाक्य खोडा असे दोघेही म्हणाले, पण खोडले नाही. सर्व खरे आहे.

ता.क. चेंडू साहेबांनी तपासासाठी ठेवून घेतला आहे. फळा रंगवणारा पुढच्या आठवड्यात येतो. चेंडू न्यायला कधी यावे ते कृपया उलट टपाली कळवावे. तिकीट लावलेले कार्ड सोबत आहे. आमच्याकडे सगळी पत्रे यजमानांच्या नावाने येतात. हे माझ्या नावाने टाकावे, वर लिहिले आहे तसेच, पूर्ण. फळ्यावरही तसेच यायचे आहे.